बाभळीची खुर्ची

आमच्या राधाकिशनकाकांची बायको एका खुर्चीपायी माहेरी अडकून पडली होती, असं सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. पण निजामाच्या राज्यात माणसाची किंमत तो कशावर बसतो यावरून ठरायची, आणि काका बसायचे सतरंजीवर. तेही दाराशी काढलेल्या जोड्यांशेजारी.

काका पाटोद्याकडचे. थोडं उर्दू शिकले म्हणून बीडच्या मोहनराव वकिलांकडे उमेदवार लागले. उमेदवारी म्हणजे बिनपगारी शिकणं. अशिलांना पाणी द्यायचं, वकिलांना पान लावून द्यायचं, कान उघडे आणि तोंड बंद ठेवायचं. आष्टी-पाटोद्याचे लोक गाड्या जुंपून सल्ल्याला यायचे आणि मोहनरावांचा सल्ला बारा महिने एकच असायचा, "पुढच्या पेशीला बघू."

एकदा काकांचे सासरे भगवानराव जावयाची कचेरी बघायला आले. जावई जोड्यांपाशी बसलेला पाहून त्यांचं डोकंच फिरलं. "आमी पोरगी कचेरीत दिली समजत होतो, जोड्यापाशी न्हाई. ज्या दिवशी खुर्चीवर दिसाल, त्या दिवशी वच्छलाला नांदायला धाडीन." लग्न होऊन चार वर्षं झालेली. काकांनी काकूंना अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं तेवढंच. बिचारे फार खचले.

कचेरीत खुर्ची एकच, वकिलांची. साक्षीची तालीम असली की मात्र काकांना तिच्यावर बसायला मिळे. कोर्टात गडबडू नये म्हणून अशिलाकडून आधी सगळं बोलून घ्यायचं, अशी तिथली रीत होती. काका मुन्सिफ, म्हणजे न्यायाधीश, व्हायचे आणि उगाच भुवया चढवायचे.

एका दुपारी वकील कोर्टात अडकले आणि आसाराम नावाचा अशील तालमीला आला. त्याचा चुलतभाऊ धुळाजी याच्याशी बांधावरच्या बाभळीवरून दावा चालला होता. काका खुर्चीवर बसले, खाकरले. "पण धुळाजीच्या बाजूनं बोलणार कोण?"

"कोण म्हंजे? धुळाजीच की. भाइर बैलापाशी हाय," आसाराम म्हणाला. "गावातून गाडी एकच येती. दोघं संगंच आलो, भाकरबी संगंच खाल्ली. ये की बे धुळ्या आत!"

शहाण्या उमेदवारानं इथंच आवरतं घ्यायला हवं होतं. पण खुर्चीवर बसल्यावर शहाणपण कुणाचं टिकलंय? काका म्हणाले, "येऊ द्या."

दोघं हमरीतुमरीवर आले.

"झाड माज्या आज्यानं लावलं," आसाराम म्हणाला.

"बाभूळ कोण लावतंय बे? शेळीच्या लेंडीतनं उगवली आसंल."

"मंग शेळी आमची व्हती!"

भांडून भांडून दमल्यावर दोघं हात जोडून उभे राहिले. "फैसला, सरकार?"

तालमीत फैसला कधीच नसायचा. पण समोर दोन माणसं आशेनं बघतायत म्हटल्यावर काकांना राहवेना. "तिच्या सावलीनं दोघांचीबी जवारी खुरटती. तोडा अन् आर्दी आर्दी घ्या."

"लई बराबर," धुळाजी म्हणाला. आसारामनंही मान डोलावली आणि दोघं त्याच गाडीतून गावी गेले.

संध्याकाळी मोहनरावांना दावा मिटल्याचं कळलं. "अरे गाढवा, त्या बाभळीच्या सावलीत मी बसलो होतो!" ते कडाडले. उमेदवारी तिथंच संपली. काका वळकटी उचलून पाटोद्याच्या वाटेला लागले. खुर्ची गेली, आता वच्छला काही येत नाही, या विचारानं त्यांना वाटेत रडू फुटलं.

पुढं महिन्याभरानं त्यांच्या दारात गाडी थांबली. आसाराम आणि धुळाजीनं कण्हत कण्हत एक भलंथोरलं धूड उतरवलं.

"फांद्या वाटून घेतल्या," धुळाजी म्हणाला, "पर खोडावर आडलं. बुडका कुणाचा अन् शेंडा कुणाचा? पुन्ना कोर्ट लागलं आसतं."

"म्हनून खोड कुणाचंच न्हाई," आसाराम म्हणाला. "ज्यानं फैसला दिला, त्येच्या बसण्याला."

ते धूड म्हणजे त्या खोडाची खुर्ची होती. त्यांच्या गावच्या सुतारानं जन्मभर बैलगाड्याच केलेल्या. त्यामुळं खुर्चीला बैल जुंपायचे तेवढे बाकी होते. पण होती ती खुर्चीच. गावभर बोभाटा झाला आणि भगवानराव स्वतः खात्री करायला आले. काका वर बसले होते. सासऱ्यांनी खुर्चीभोवती फेरी मारली, मग ती हलवून पाहिली. ती तसूभर हलली नाही.

"ह्या खुर्चीवरून आमच्या जावयाला कुणी उठवत न्हाई," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात मुलगी घेऊन आले.

भगवानरावांची गाडी परत गेली. काकू दारात अंग चोरून उभ्या होत्या. काका चटकन खुर्चीवरून उठले. "बस."

"अन् तुमी?"

"मला सत्रंजीची सवय हाय," म्हणून काका खाली बसले. काकू वर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते, आणि काकांना त्या दिवशी पहिल्यांदाच खाली बसल्याची लाज वाटली नाही.