मत नसलेली चिटणीस

आमच्या विद्यार्थी मंडळाच्या चिटणीसबाई अकरा समित्यांवर होत्या आणि त्यांना एकाही ठिकाणी मत नव्हतं. ‘बाई’ मी आत्ता आदरानं म्हणतोय. तेव्हा ती एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि मी तिला ‘ए चिटणीस’ अशी हाक मारायचो. मी अध्यक्ष होतो. अध्यक्षानं नेमकं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, पण माझ्या खुर्चीला हात होते आणि बाकीच्यांच्या खुर्च्यांना नव्हते, एवढं मला पुरत होतं.

मंडळाची नियमावली बत्तीस पानांची. आमच्या आधीच्या कुणा रिकामटेकड्यांनी ती लिहून ठेवली होती. पदाधिकारी वर्गप्रतिनिधींतूनच घ्यायचे, पण पदावर असेपर्यंत त्यांना मत नाही. मतं समसमान पडली तरच अध्यक्षाला एक निर्णायक मत. चिटणिसाला तर बोलायचाही हक्क नाही. त्यानं ऐकायचं आणि इतिवृत्त लिहायचं. चिटणीस आणि समित्या अध्यक्षानं नेमायच्या, पण ज्याला नेमायचं त्याची संमती हवी. इथंच घोडं पेंड खायचं. मी कुणाकडे पाहिलं की त्याच्या आजीला बरं नसायचं. सायकल स्टँड समितीच्या वेळी तर एकाच बैठकीत नऊ आज्या आजारी पडल्या. मग मी चिटणिसाकडे पाहायचो. तिला बोलायची परवानगी नाही, म्हणजे ‘नाही’ म्हणायचीही नाही. ती गप्प राहायची आणि मी ती संमती धरायचो. असं तिच्या गळ्यात सायकल स्टँड पडलं, हरवले-सापडले पडलं, पाण्याची टाकी पडली. शेवटी समित्या फार झाल्या म्हणून त्या कमी करण्यासाठी आम्ही एक समिती नेमली. तीही तिच्याच गळ्यात.

तिचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वडिलांची दोन शिलाई मशीनं संध्याकाळभर धडधडायची. आतल्या खोलीत बहिणीची जुळी, ती आळीपाळीनं रडायची. आदल्या वर्षी हिचा एक विषय राहिला होता, आणि यंदा राहिला तर वडील हिला तिसऱ्या मशीनवर बसवणार होते. अभ्यासाला तिच्याकडे एकच जागा होती, कॉलेजची अभ्यासिका, संध्याकाळी पाच ते आठ. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो.

मला मात्र तीच खोली टेबल टेनिससाठी हवी होती, आणि हे मी दर बैठकीत बोलून दाखवत होतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना मी ठराव आणला: अभ्यासिका पाचला बंद करावी आणि तिथं टेबल लावावं. माझा डबल्सचा जोडीदार लंबू वर्गप्रतिनिधी होता. त्यानं खेळाचं महत्त्व वीस मिनिटं समजावून सांगितलं. मग हात वर झाले. सहा बाजूनं, सहा विरुद्ध.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते निर्णायक मत समोर ताटात वाढून आलं होतं. ते टाकून निकाल जाहीर केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मला भाषणाची हुक्की आली. मी उभा राहिलो, कोट झटकला आणि लोकशाहीवर बोलायला लागलो.

“अध्यक्ष, मतदान अजून संपलेलं नाही,” चिटणीस म्हणाली.

“तुला बोलता येत नाही,” मी म्हणालो.

“चिटणिसाला येत नाही. मी राजीनामा दिलाय. इतिवृत्तात लिहिला की लगेच लागू, नियम एकोणीस. तू कोट झटकत होतास तेव्हाच लिहिला. आता मी माझ्या वर्गाची साधी प्रतिनिधी.” आणि तिनं हात वर केला. “विरुद्ध.”

सहा विरुद्ध सात. माझं निर्णायक मत वर्षभरात एकदाच आलं आणि मी तोंड उघडायच्या आत निघून गेलं.

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. नवा चिटणीस नेमल्याशिवाय बैठक पुढं जाणार नाही, आणि जो चिटणीस होईल त्याचं मत जाणार! मी विरोधातल्या सातांवर बोट फिरवलं. सात आज्या आजारी पडल्या. घाबरून मी लंबूकडे पाहिलं.

“माझी आजी तर गेलीच,” लंबू म्हणाला.

“नियम वीस,” ती शांतपणे म्हणाली. “चिटणीस मिळाला नाही तर ते काम अध्यक्षानं करायचं. चिटणिसाच्या सगळ्या समित्यांसकट.”

तिनं वही माझ्यापुढं सरकवली. ‘अभ्यासिका आठपर्यंत उघडी राहील’ हे मी माझ्या हातानं लिहिलं, आणि त्यात तीन चुका केल्या.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीची बैठक होती. इतिवृत्त कसं लिहायचं ते मला उमगेना, म्हणून संध्याकाळी वही घेऊन अभ्यासिकेत गेलो. ती कोपऱ्यात वाचत बसली होती.

“एवढी जागा हवी होती तर आधी सांगायचंस ना,” मी म्हणालो.

“मला बोलायची परवानगी कुठं होती? मला फक्त लिहायचं होतं. मग लिहिलं.”

मी वही उघडली. मागच्या तीन बैठकांच्या शेवटी तिच्या स्वच्छ अक्षरात एकच ओळ होती: ‘चिटणिसाला घरी अभ्यासाला जागा नाही, तरी अभ्यासिका बंद करू नये.’ त्याखाली ‘वाचून कायम केले’, आणि त्याखाली माझी सही. तिसऱ्या वेळी तर सहीखाली मी झोकात दोन रेघाही ओढल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“इथं ‘वाचून’ असं लिहिलंय,” मी कसाबसा म्हणालो.

“तेही मीच लिहायचे,” ती म्हणाली. “आता हळू बोल, लोक अभ्यास करतायत.”

मी समोरच्या खुर्चीवर बसलो आणि आठ वाजेपर्यंत वर्षभराचं इतिवृत्त पहिल्यांदा वाचून काढलं.