न चावणारं होल्स्टर

सुधाकर ठवकर हा माणूस काळजी करायलाच जन्माला आला होता. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघायचा, गल्लीच्या टोकाशी गेला की परत येऊन पुन्हा ओढून बघायचा. गॅस बंद केला का, हे विचारायला ड्यूटीवरून घरी फोन करायचा. अशा माणसाच्या हाती सरकारनं पिस्तूल द्यावं आणि वर सांगावं, की हे हरवलं तर तुझी नोकरीही गेली समज! पण खरं सांगायचं तर सरकारला असाच माणूस हवा असतो. रायपूरच्या पोलीस खात्यात हवालदार होईपर्यंत त्याच्या नावावर एक गोळीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. त्याचा त्याला अभिमान होता, आणि त्याची धास्तीही होती.

आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेच्या कामावर रायपूरला आले आणि तिथल्या गुढियारी भागात राहिले. वडीलही रेल्वेतच गेले. सुधाकरनं तेवढी खाकी घातली. घरात बायको विनीता, कॉलेजात जाणारी मुलगी ज्ञानदा आणि म्हातारी आई शारदाबाई. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणाऱ्या नातीशी भांडण्यात शारदाबाईंचा दिवस मजेत जायचा.

यंदा सुधाकरची नेमणूक शर्मिष्ठा देशकर या सरकारी वकील बाईंच्या सुरक्षेसाठी झाली. बाई नागपूरच्या, रायपुरात एकट्या राहायच्या. भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यातल्या एका खुनाचा खटला त्यांच्याकडे होता आणि तो सोडून द्या म्हणून त्यांना धमक्यांचे फोन येत होते. सुधाकरनं सावलीसारखं त्यांच्या मागे राहायचं, एवढंच काम. पहिल्याच आठवड्यात बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"सुधाकरभाऊ, राग नका मानू. पण ते कमरेचं दिसलं की माझे साक्षीदार गप्प होतात. काल तो ड्रायव्हर चांगला बोलून राहिला होता, तुमच्या कमरेकडे लक्ष गेलं आणि पाणी पितो म्हणून जो गेला तो आलाच नाही. झाकून ठेवता येईल का?"

"हव मॅडम," सुधाकर म्हणाला आणि त्याच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला.

सरकारी पिस्तूल पूर्ण आकाराचं, दणकट. सुधाकर मात्र ठेंगणा. शर्ट वर सोडून कमरेचं झाकावं तर नारळ लपवल्यासारखं दिसायचं, आणि गाडीत बसलं की बरगडीत घुसायचं. म्हणजे आता काखेतच ठेवायला हवं होतं, खांद्याला पट्टे अडकवून, वरून बिनबाह्यांचं जाकीट घालून. पहिलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची खोळ, त्यानं ऑनलाइन मागवलं. ते निघालं छोट्या रिव्हॉल्व्हरच्या मापाचं. पिस्तूल अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि सगळा भार एका बारीक पट्ट्यावर. दुपारपर्यंत मानेला वळ उठला. दुसरं त्यानं गुलाबराव नावाच्या सोबतच्या हवालदाराकडून आणलं. त्यात पिस्तूल उभं लटकायचं. गुलाबराव उंचापुरा, त्याला ते शोभायचं. सुधाकर गाडीत बसला की नळी कमरपट्ट्याला टेकायची आणि मूठ थेट काखेत चढायची.

"पापा, आप तो ऐसे चल रहे हो जैसे फोड़ा हुआ है," ज्ञानदा हसून म्हणाली. हसण्यासारखंच होतं, पण सुधाकरला हसू आलं नाही. वेळ आली आणि हात पोचलाच नाही तर? बाई समोर पडलेल्या आणि आपण जाकिटाशी झटापट करतोय, हे चित्र त्याला जेवतानाही दिसायचं.

शेवटी तो भैय्यालालकडे गेला. गुढियारीतलाच कारागीर, शाळेची दप्तरं शिवायचा आणि वरातीच्या घोड्यांचा साजही बनवायचा.

"घोड़ी ने आज तक शिकायत नहीं की भैया, आप क्या करोगे!" असं म्हणून त्यानं माप घेतलं. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात द्यायचा प्रश्नच नव्हता. सुधाकरनं गोळ्या काढल्या, पिस्तूल स्वतः कातड्यावर दाबून धरलं आणि भैय्यालालनं खडूनं भोवती रेघ ओढली.

भैय्यालालनं काम मात्र फक्कड केलं. दोन्ही खांद्यांवरून रुंद पट्टे, पाठीवर त्यांची फुली. डाव्या काखेत पिस्तूल आडवं, नळी मागे आणि मूठ पुढे. उजव्या काखेत जादा मॅगझिन, म्हणजे तोल सारखा. कातडं इतकं घट्ट की पिस्तूल आत घालताना दात आवळावे लागायचे. वरून एक पट्टी येऊन टिचबटणानं बंद व्हायची. मानेचा त्रास तर पहिल्याच दिवशी गेला.

पण नवं कातडं ते नवं कातडं. काठ काखेला घासायचा आणि टिचबटण बरोबर बरगडीत रुतायचं. सुधाकरनं चार दिवस सोसलं आणि पुन्हा दुकान गाठलं.

"ये पट्टी काट दो भैय्यालाल. वैसे भी टाइट तो है."

"टाइट क्या, जकड़ के रखेगा! पट्टी तो मैं खाली शोभा के लिए लगाया था," भैय्यालालनं लगेच कात्री उचलली.

पिस्तुलाच्या मुठीला बांधायची सरकारी दोरी असते. ती जाकिटाखालून लोंबायची, म्हणून सुधाकरनं तीही सोडून ठेवली. कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस हे असं करतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण अंग दुखायला लागलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

काठ मात्र चावतच राहिला. एका सकाळी सुधाकर बनियन बदलत होता तेव्हा शारदाबाईंना त्याची काख दिसली. कातडी सोलून लाल झाली होती.

"हे काय रे बाबू? वहाण चावल्यावानी दिसते."

"नवा पट्टा आहे माय. चावते थोडा."

"मंग तेल काहून नाही लावलं? तुया बाबाच्या नव्या वहाणा मी एरंडीच्या तेलात बुडवून ठेवत होती. कदी पायाले फोड नाही आला."

"लावतो," म्हणून सुधाकर निघून गेला आणि विसरला. पण आई विसरली नाही.

खांडेनवमीला या घरात अवजारांची पूजा असते. आजोबांचा रेल्वेचा हातोडा घासूनपुसून पाटावर येतो, विनीताचं शिलाई मशीन येतं. अलीकडे ज्ञानदाच्या लॅपटॉपलाही कुंकू लागतं. सुधाकरनं कपाटातून पिस्तूल आणलं, रिकामं असल्याची खात्री केली, पुन्हा केली आणि पाटावर ठेवलं. शारदाबाईंचं कुंकवाचं बोट पिस्तुलापाशी थबकलं. मग त्यांनी कुंकू शेजारी पाटालाच लावलं.

"माया पोराले जप बरं का," त्या पिस्तुलाला म्हणाल्या. मग खुंटीवरचं होल्स्टर त्यांनी लेकाच्या हातात दिलं. "घालून पाह्य. काल रात्री तेल पाजून सकाळी उन्हात ठेवलं होतं. तुले सांगितलं नाही."

सुधाकरनं पट्टे चढवले आणि त्याला खरोखर हलकं वाटलं. काठ मऊ पडला होता. कितीतरी दिवसांनी हात खाली सोडताना त्यानं दात आवळले नाहीत. गोळ्या भरून घेतलेलं पिस्तूलही एका हातानं, गुमान आत गेलं. एरवी हा माणूस एवढ्यावर समाधान मानणारा नव्हता. पण आई कौतुकानं बघत होती, आणि तो खुशीत निघाला.

कोर्टाला सुट्टी होती. बाई रात्रीच्या गाडीनं नागपूरला आईकडे जाणार होत्या, तिच्यासाठी साडी घ्यायची म्हणून पंडरीच्या कापड बाजारात आल्या. सणाची गर्दी होती. दुकानात नवरात्राची जोत पेटलेली, त्यामुळे जोडे-चपला पायरीशीच काढायच्या. सुधाकरचे बूट बंदांचे. उकडत होतं म्हणून जाकिटाची बटणं सोडलेली होती. तो चपलांच्या ढिगाशी वाकला, गाठी सोडल्या आणि बूट काढून आत गेला. खांबाला पाठ लावून उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात बघत राहिला, कारण माणूस तोंडापेक्षा हातांनी आधी कळतो असं त्याला शिकवलेलं होतं. बाईंनी मोरपंखी साडी पसंत केली.

बाहेर आल्यावर बूट कुणीतरी पायानं बाजूला सारलेले मिळाले. ते घालून तो बाईंच्या मागे चालू लागला. दोन-चार दुकानं मागे पडली असतील. एका सायकलवाल्यानं धक्का दिला आणि सुधाकरचा डावा कोपर आपसूक अंगाशी आवळला गेला. कोपराखाली नुसतं मऊ कातडं चेपलं गेलं.

जाकिटात हात घालून त्यानं चाचपलं. होल्स्टर रिकामं होतं.

एरवी तो घडोघडी कोपर दाबून बघायचा. पण गेले कित्येक दिवस ती गरजच पडली नव्हती. काठ चावत होता आणि पिस्तूल आहे हे क्षणोक्षणी कळत होतं. आज काही दुखलं नाही, म्हणून आठवणही झाली नाही.

आधी त्याला नोकरी दिसली. चौकशी, निलंबन, वर्तमानपत्रात नाव, ज्ञानदाचं अर्धवट कॉलेज. मग त्याहून भयंकर गोष्ट सुचली. ते पिस्तूल या गर्दीत कुणाच्यातरी हातात असेल. ते भरलेलं आहे. आणि बाई समोर पाठमोऱ्या चालल्या आहेत. शोधायला मागे जावं तर बाई एकट्या पडतात, आणि सोबत राहावं तर रिकाम्या हातानं त्यांना वाचवायचं कशानं? त्यानं पुढे होऊन त्यांच्या पाठीला जवळजवळ आपली छाती लावली. निदान गोळी आली तर आधी मला लागेल, हा त्याचा हिशेब होता.

"मॅडम," तो म्हणाला. "पिस्तूल नाही आहे."

बाई थांबल्या. चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही. शेवटी वकीलच त्या.

"वाकला कुठे होतात तुम्ही?"

"जोडे काढताना."

दोघं परत फिरले. तेवढं अंतर सुधाकर कसा चालला हे त्याला आजही सांगता येत नाही. प्रत्येक पिशवी, प्रत्येक खिसा त्याला संशयाचा वाटत होता. दुकानाच्या पायरीशी चपलांचा ढीग दुप्पट झाला होता. बाईंनी पटकन पायातली एक चप्पल लाथेनं बाकाखाली ढकलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अरे, मेरी चप्पल कहाँ गई? भैया, जरा देखिए ना." मग दोघंही उकिडवे बसून चपला उपसू लागले. लोक हसले, कुणी पाय बाजूला घेतले. एका लाल मोजडीखाली सुधाकरच्या बोटांना गार लोखंड लागलं. चपलांच्या गादीवर पडलं, म्हणून आवाज झाला नव्हता. त्यानं ते ओंजळीत झाकून जाकिटात सरकवलं आणि कोपरानं असं दाबून धरलं की गाडीत बसेपर्यंत हात बधिर झाला.

गाडीचं दार लागलं.

"तुम्ही इतके जपणारे," बाई म्हणाल्या. "झालं कसं?"

सुधाकरच्या डोळ्यांपुढे तेलाची वाटी आली, आणि कौतुकानं बघणारी आई.

"मीच तेल लावलं मॅडम. चावत होतं म्हणून. पट्टी पण मीच कापली."

"हे मला वर कळवायला पाहिजे."

"हव. कळवा."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "नाही कळवत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तरी. दुसऱ्यानं लपवलं असतं." सुधाकरनं मान खाली घातली. पण त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. आधी बाई कधी मागे वळून बघायच्या नाहीत. मागे तो आहे म्हणजे आहे. आता कोर्टाचा जिना चढताना, गाडीतून उतरताना त्या हटकून वळतात आणि त्याच्या डाव्या काखेकडे बघतात. सुधाकरला ती नजर निलंबनापेक्षा जड वाटते.

त्यानं भैय्यालालकडून दुसरं होल्स्टर शिवून घेतलं, पट्टी आणि टिचबटणासकट. दोरीही परत बांधली. काठ पुन्हा चावू लागला, बटण बरगडीत रुतू लागलं, आणि सुधाकरला जरा बरं वाटू लागलं. घरी आला की हे होल्स्टरही तो पिस्तुलासोबत कपाटात ठेवून कुलूप लावतो.

शारदाबाईंना रिकामी खुंटी दिसायला वेळ लागला नाही. एका दुपारी सुधाकर जेवून उठला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "पट्टा आता खुंटीले नाही लावत तू. माया हातानं काही चुकलं का रे बाबू?"

सुधाकरच्या काखेत त्या क्षणीही आग होत होती.

"नाही वो माय. साहेबाचा नियम आहे, कुलपात ठेवा म्हणते. तुया तेलानं तं लई आराम पडला."

म्हातारीचा चेहरा काही उजळला नाही. सुधाकर इकडेतिकडे बघत राहिला. मग दारामागचे आपले जुने बूट त्यानं आणून तिच्यापुढे ठेवले. कैक वर्षं वापरून हातमोज्यासारखे मऊ झालेले बूट.

"हे पाह्य, चावून राहिले," तो म्हणाला. "याले लावून दे जरा."

"आता सांगतं का?" शारदाबाई लगबगीनं उठल्या. "चावते तं बोलत जा ना. मले कसं समजन?"

त्या एरंडीच्या तेलाची वाटी घेऊन आल्या आणि एका बुटात हात घालून चोळू लागल्या. सुधाकर त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिला, डावा कोपर अंगाशी घट्ट दाबून. पिस्तूल कपाटात आहे हे त्याला माहीत होतं, आणि कुलूपही त्यानं दोनदा ओढून पाहिलं होतं.