ढगे सरांनी फळ्यावर काढलेली चिऊ

दहावीत असताना मी एका मेलेल्या लेकरावर जोक मारला होता.

मला म्हाईत नव्हतं. पण मारला होता.

आज सकाळी ढगे सर गेले. हार्ट अटॅक.

लासूर स्टेशनला बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत सरांची सायन्सची ट्युशन होती. आमच्या अख्ख्या बॅचला पास करायचा ठेका त्यांनी घेतलेला, अन् त्यांना छळायचा ठेका मी.

पेशी कशी दुभागती ते सर बुटाच्या लेसांवर शिकवायचे, लेस म्हणजे गुणसूत्र. एकीच्या दोन करायच्या, टेबलाच्या मधोमध लाईनीत लावायच्या, मग निम्म्या इकडं ओढायच्या, निम्म्या तिकडं.

एकदा ओढायला लागले तर एका बाजूच्या येईचनात. मी त्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवल्या होत्या.

सर म्हणले, "बघा पोरांनो. पेशीत असा एखादा गण्या निघाला की अख्खं शरीर गोत्यात."

गण्या म्हणजे मीच.

डीएनएच्या टायमाला म्हणले, "पेशी दुभागायच्या आधी डीएनएची कॉपी निघती. कोट्यवधी अक्षरं. त्यातलं एखादं चुकलं तर?"

"काय नाय सर. सुपरवायझर चहाला गेला असंल तर खपून जातं."

सर बी हसले. "पेशीतला सुपरवायझर चहाला जात नाय रे. पण त्याच्या बी नजरेतून एखादं सुटतं. मग ते चुकलेलं पुढच्या पिढीत बी कॉपी होतं."

मग आनुवंशिकतेचा धडा आला.

बाप्या म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. लग्न म्हणजे मधी रेघ. नात्यातलं लग्न असंल तर दोन रेघा.

"एकेकानं या अन् कुठल्या बी एका घराचं झाड काढा," सर म्हणले.

मी सरांच्याच घराचं काढलं.

सरांची बायको, आमच्या काकू, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मामाची पोरगी, हे आख्ख्या गल्लीला म्हाईत. लेकरं नाय, हे बी. चौकोन, गोल, मधी दोन रेघा. अन् खाली, जिथं लेकरं काढायची तिथं, मोठ्या अक्षरात लिहिलं:

"जागा रिक्त. अर्ज मागवणे आहे."

पोरं बाकं बडवून हसली.

सर उठले. वाटलं, आता बसती कानाखाली.

त्यांनी तेवढीच ओळ तळहातानं पुसली. तिथं एक बारका गोल काढला. अन् पूर्ण भरला. खडू मोडला तरी भरतच होते.

"ही चिऊ. आम्ही इकडं यायच्या आधीच गेली, सहा वर्षांची होती. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्याला रक्त चढवायला शहरात न्यायचो."

मग स्वतःचा चौकोन अर्धा रंगवला. काकूंचा गोल बी अर्धा.

"आम्ही दोघं असे. एक जीन चांगला, एक बिघडलेला. आम्हाला कधी काय झालं नाय, म्हणून कळलं बी नाय. लेकराला अर्धं आईचं येतं, अर्धं बापाचं. दोन्हीकडून बिघडलेलंच आलं की असं."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग सर, चारातलं एकच लेकरू ना?"

"तसं नाय. दर लेकराला चारात एक चान्स. आमचा पहिल्याच खेपंला लागला. पुन्हा डाव टाकायची छाती झाली नाय."

सरांनी उरलेला खडू खाली ठेवला.

मग माझ्याकडं वळले. "बस खाली. दोन रेघा बरोबर काढल्यास."

त्यापेक्षा हाणलं असतं तर लई बरं झालं असतं.

सॉरी उद्या म्हणू म्हणलं. मग रिझल्टच्या दिवशी. मग वाळूजला कंपनीत लागलो. सर रस्त्यात दिसले की गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो. कुणाच्या बापाला न भिणारा मी.

अन् यंदा माझं लग्न ठरलं. मामाच्याच पोरीशी. शीतल, देवगाव रंगारीची. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, लहानपणापासून सगळे तिच्या नावानं चिडवायचे.

मी म्हणलो, आधी दोघांचं रक्त तपासू.

मामा तापला. "माझ्या पोरीच्या रक्तात खोट काढतो व्हय रे?"

"मामा, माझ्या बी रक्तात काढतो. त्यातलं अर्धं तुमच्याच घरून आलंय."

आतून शीतल ओरडली, "आप्पा, मी देते रक्त. ह्यालाच सुई बघून चक्कर येईल, ते बघा!"

आली. खरंच आली.

रिपोर्ट असा: मी कॅरियर, अर्धा रंगवलेला. शीतल कोरी. म्हणजे आमचं एखादं लेकरू माझ्यासारखं निघंल, पण चिऊसारखं नाय.

हे पहिलं सरांना सांगायचं होतं. अन् सॉरी बी म्हणायचं होतं. रविवारी जाऊ म्हणत तीन रविवार घालवले. आयुष्यभर जोक मारत आलो, पण सरांशी सुरुवात काय करून करावी तेच सुचंना.

आज गेलो. मातीला.

परत आल्यावर काकू ओट्यावर बसलेल्या. जवळ जाऊन म्हणलो, "काकू, ते फळ्यावरचं... जागा रिक्त म्हणून... मी लिहिलं होतं. सॉरी."

काकू म्हणल्या,

"त्या दिवशी घरी आले अन् जेवले नाय. काय झालं विचारलं तर म्हणले, आज पोरांना चिऊ शिकवली. मग दरसाल शिकवायचे. पण कुणी लिहिलं ते कधी सांगितलं नाय."

दरसाल. दर बॅचला ते तो गोल भरत होते, अन् मी गल्ली बदलत होतो.

म्हणलो, "सरांना म्हणायचं होतं, काकू."

"चिऊ काय एकट्या सरांची व्हती व्हय रे?"

मला मान वर करता येईना.

"माझ्याकडं पोचलं," काकू म्हणल्या. "त्यांचं मातर राहिलं."

राहिलं, सर.

मान खाली घालूनच तुमचा निरोप घेतो.