गरम बाटली

डेपोत त्यांना सगळे मापाडी म्हणत. समोरच्या टाक्यांमध्ये कोणतं कच्चं तेल आलंय, हलकं, मध्यम की जड, हे ठरवण्याचं काम त्यांचं. जड म्हणजे दाट, काळं, थंडीत गुळाच्या काकवीसारखं ओढल्याशिवाय न हलणारं. अशा तेलाला जड क्रूड म्हणतात, हे नव्याने लागलेल्या कुणालाही कळे. घोटाळा व्हायचा तो अंशांचा, म्हणजे तेलाचा हलकेपणा सांगणाऱ्या आकड्याचा.

“पाण्याला दहा अंश,” मापाडी सांगत. “हलकं तेल तीस-चाळीसच्या घरात. बाविसाच्या खाली आला आकडा, की जड.”

“म्हणजे आकडा कमी आणि तेल जास्त जड? हे उलटं झालं!”

“तेलवाल्यांचं सगळं उलटंच असतं. पगाराचा आकडा कमी, तेवढा माणूस जड, असं लक्षात ठेव.”

हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आले आणि दर वेळी स्वतःच आधी हसत. आकड्याची एवढी उठाठेव कशासाठी, तर जड तेल पाठवायचं झालं की पाइपलाइनला आधी स्टीम लावून ती तापवावी लागे, आणि मागून हलकं तेल सोडून ती धुऊन काढावी लागे. मध्यम निघालं तर यातलं काहीच नको.

मापाड्यांचा एक दंडक होता. तापवलेल्या टाकीतून आलेली बाटली लगेच मोजायची नाही. “गरम तेल हलकेपणाचा आव आणतं. त्याला बसू द्या, थंड होऊ द्या, मग बोलतं करा.” हेच त्यांनी एका होतकरू पोराला शिकवलं, त्याचा हात स्थिर आहे हे पाहिलं, आणि पुढे त्यालाच आपली लेक दिली. जावई आता पंपहाउसचा शिफ्ट इनचार्ज होता. इनचार्ज म्हणून अजून कायम व्हायचा होता, एवढंच.

मापाड्यांच्या निवृत्तीचा आठवडा चालू होता. कडाक्याची थंडी होती. त्या सकाळी आवारात त्यांच्यासाठी ग्रुप फोटो काढायचा होता. जावयाने स्वतः नमुन्याची बाटली आणून टेबलावर ठेवली आणि तो पंपहाउसकडे गेला. बाहेरून हाका सुरू झाल्या.

“मापाडी, या की! नवरदेवावाचून वरात थांबलीय!”

“मुंडावळ्या बांधतायत वाटतं!”

मापाड्यांनी खिशातून कंगवा काढला, खिडकीच्या काचेत बघून भांग नीट केला. मग तेल उंच नळीत ओतलं, अंश मोजणारा काचेचा हायड्रोमीटर आत सोडला. तो डुलत थांबला. पंचवीस. नळी हाताला चांगली गरम लागत होती. त्यांना ते कळलं नाही असं नाही. बाहेर पुन्हा हाक आली. त्यांनी फोन उचलला आणि पंपहाउसला सांगितलं, “मध्यम आहे. सोडा.”

फोटोत ते मधोमध बसले.

दुपारी लाइन बसली. मधल्या व्हॉल्व्हपाशी पंप थोडा वेळ थांबवावा लागला होता, तेवढ्यात थंड पाइपात तेल थिजलं. पुन्हा पंप सुरू केला तर तो नुसता धापा टाकून बंद पडला. साहेब तरातरा पंपहाउसमध्ये आले. मापाडीही मागोमाग पोचले.

“स्टीमशिवाय लाइन सोडली कुणी?”

जावई पुढे झाला. “मी, साहेब. तेल जड होतं. मला कळायला हवं होतं.”

“कळायला हवं होतं म्हणे! इनचार्ज ना तुम्ही? उद्यापासून व्हॉल्व्हवाल्यांच्या टोळीत परत जा. तिथे कळेल.”

मापाडी दारात उभे होते. तोंड उघडलं की झालं असतं. पण आत सगळे होते, सकाळी फोटोत मागे उभे राहिलेले, खांद्यावर हात ठेवलेले.  उद्या साहेबांना एकट्याला गाठून सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि म्हणतानाच त्यांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी लेकीकडे जेवण होतं. लेक वाढताना नवऱ्याकडे बघत नव्हती.

“बाबांच्या हाताखाली शिकलात आणि इतकी साधी चूक? निदान त्यांच्या शेवटच्या आठवड्यात तरी त्यांचं नाव राखायचं!”

“भाजी छान झालीय,” जावई म्हणाला.

“विषय बदलू नका. बाबा, तुम्ही तरी बोला यांना.”

मापाड्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांनी पाणी मागितलं. जावयाने तांब्या पुढे सरकवला, मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबांच्या खोलीकडे गेले. साहेब पाइपलाइनवर गेले होते. एकट्याला गाठायची सोय राहिली नव्हती. ते तसेच चालत लाइनवर गेले. टोळीने पाइपावर वाफेच्या नळ्या गुंडाळल्या होत्या. जावई गुडघ्यावर बसून पाना फिरवत होता, कोपरापर्यंत काळा.

“साहेब, आकडा माझा चुकला,” मापाडी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. “बाटली गरम होती. मी थांबलो नाही. फोटोची घाई होती.”

टोळी काम थांबवून बघू लागली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“मग काल का नाही बोललात?” साहेबांनी विचारलं.

 साहेबांनी जावयाकडे बघितलं. “आणि तुम्हाला माहीत होतं?”

“बाटली मीच नेली होती साहेब. हातमोज्यातून चटके बसत होते. इतक्या लवकर फोन आला तेव्हाच मी विचारायला हवं होतं.” मग तो हळूच म्हणाला, “पण मामांना कसं विचारायचं?”

साहेबांनी त्याला इनचार्जच ठेवलं. मापाड्यांना ते एवढंच म्हणाले, “निरोपाला या मात्र.” मापाडी निरोपाला गेले. हार घातले तेव्हा त्यांनी मान इतकी खाली घातली की शेजारच्याला वाटलं, गहिवरलेत.

फ्रेम केलेला फोटो त्यांना तिथेच मिळाला. सगळे हसत होते, त्यांचा भांग अगदी सरळ होता. जावई त्यात नव्हता. त्या वेळी तो पंपावर होता, त्यांच्या आकड्याच्या भरवशावर.

घरी लेक-जावई आधीच आले होते; लेक खिळा नि हातोडी घेऊन तयारच होती. “कुठे लावू या, बाबा?”

“थांब. आधी बस,” ते म्हणाले. “नवऱ्याला जे बोललीस ना, ते मला बोलायचं होतंस.”

त्यांनी सगळं सांगितलं, कंगव्यासकट. लेक ऐकत राहिली. मग तिने हातोडी खाली ठेवली आणि नवऱ्यासाठी चहा टाकायला आत गेली. फोटो मापाड्यांच्या मांडीवर तसाच राहिला, पालथा.