नीलम्माचा तांब्या

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी सालात चाकूरची म्हातारी नीलम्मा लेकाकडे मस्कतला गेली. तिथल्या विमानतळावर तपासणीची रांग हलेना. प्रवासासाठी लस टोचलेला दंड ठणकत होता. ती घडीघडी गळ्यातल्या इष्टलिंगाची चौकी, ती चांदीची डबी, चाचपायची, मग पिशवीतला फिरकीचा तांब्या. त्यात पूजेसाठी घरच्या आडाचं पाणी होतं.

तपासणीवाला हिंदीत म्हणाला, "बाहेरचं पाणी आत चालत नाही, रोगराई येते. ओतून टाका."

नीलम्मा भडकली. "तांब्याभर पान्यासाठी दिवसभर आडावर बसतो आमी. वतू कसं?"

तिने लिंग तळहातावर घेतलं, त्यावर पाणी सोडून तीर्थ घेतलं आणि उरलेलं घटाघटा पिऊन टाकलं. रिकामा तांब्या त्याच्यापुढे उपडा केला.

"आता अडव की पान्याला!"