सहाचे पाच उपाय

आमच्या सूनबाई लिहितात. कशावर, असं विचारू नका. कशावर नाही ते विचारा. सकाळी कृष्णविवर, अकराला मोबाइलची बॅटरी, जेवणानंतर एखाद्या नटीचा घटस्फोट आणि चहापर्यंत फरशीवरचे डाग. एका संकेतस्थळाला रोज असे चार लेख द्यायचे असतात. ती ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक पाय खुर्चीत दुमडून लिहिते.

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. तिच्या विज्ञानाच्या लेखावर लाल पेन फिरवल्याशिवाय मला जेवण जात नाही. तीही बिचारी तोंड वाकडं न करता दुरुस्त्या करते. बाकीच्या तीन लेखांना मात्र मी हात लावत नसे. "नटनट्या आणि डाग हे माझे विषय नाहीत," असं मी तिला चारचौघांत ऐकवलंही होतं.

परवा सकाळी आमची ही एका हातात ब्लीचची आणि दुसऱ्या हातात व्हिनेगरची बाटली घेऊन बाथरूमकडे निघाली.

"हे काय चाललंय?"

"सूनबाईंचा पाचवा उपाय. दोन्ही सारखं मिसळायचं, फरशीवर ओतायचं आणि दार लावून अर्धा तास ठेवायचं."

ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. मी बाटल्या हिसकावून घेतल्या आणि अशी हाक मारली की सून हातातलं टाकून धावत आली.

ऐकून ती पांढरीफटक पडली. "बाबा, त्यांना पाचच उपाय लागतात. माझ्याकडे सहा होते. म्हणून शेवटचे दोन एकात घातले."

तिने संपादकांना फोन केला. पाच मिनिटांत मजकूर बदलला, वर ठळक इशारा आला. पण लेखाखाली नऊ वाजता 'घरकोंबडी' नावाच्या वाचक बाईंनी लिहिलं होतं, "मस्त! आत्ताच करून बघते." आता साडेदहा झाले होते.

सुनेने खाली लिहिलं, "करू नका. केलं असेल तर आधी मोकळ्या हवेत या आणि लगेच कळवा." उत्तर नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ती दर मिनिटाला पान उघडून बघत होती. मला माझीच लाज वाटत होती. आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "बाबा, हाही जरा बघता का?" आणि मी वर्तमानपत्रातून मानही वर केली नव्हती. तिने ते एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, तेच जास्त लागत होतं.

सव्वाबाराला उत्तर आलं. "अहो, कुठलं काय! घरात व्हिनेगरच नव्हतं. नवऱ्याला आणायला धाडलं, तर साहेब कोपऱ्यावर गप्पा ठोकत बसले. त्यांनाच ओढून आणायला गेले होते. आता बाटली दुकानात परत!"

सून टेबलावर डोकं टेकून रडली, मग रडता रडताच हसायला लागली. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. कामचुकार नवऱ्याचे मनापासून आभार मानायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली.

काल रात्री मी चारही लेख मागून घेतले. नटीचं लग्न वर दुसरं आणि खाली तिसरं होतं, तिथे लाल गोल केला. शेवटचा लेख उशीच्या अभ्र्यांवर होता. एकेक उपाय बोट ठेवून वाचला. सहा भरले.

"संपादक चालवून घेतील?" मी विचारलं.

"त्यांना सांगितलंय, सहा असले की सहाच छापायचे," माझं ताट पुढे सरकवत ती म्हणाली. "जेवा आता."

मी पेनाला टोपण लावलं आणि जेवायला सुरुवात केली.