गुडबायमध्ये ‘येतो’ कुठे आहे?

आमच्या शेजारच्या केळीच्या वाडीतल्या रुक्मिणीकाकूंकडे साध्या विहिरीवर निघालेल्यानेही ‘येतो’ म्हणूनच निघायचं. चुकून ‘जातो’ म्हणणाऱ्याला त्या परत बसवून पाणी पाजत.

त्रेचाळीस साली त्यांचा एकुलता एक गुरुदत्त लढाईवर निघाला. वसईहून गाडी गाठायची घाई. टांग्यात बसून तो ऐटीत म्हणाला, “गुडबाय, आई!”

काकूंनी घोड्याचा लगामच धरला. “म्हणजे काय रे?”

निरोपाला आलेले नरहरी मास्तर मध्ये पडले. “वहिनी, चांगला शब्द आहे. ‘देव तुमच्याबरोबर असो’ असं इंग्रज पूर्वी म्हणत. ते बोलून बोलून झिजलं आणि गुडबाय झालं.”

“म्हणजे देव माझ्यापाशी ठेवून हा एकटाच लढाईवर? आणि परत यायचं त्यात कुठे आहे?”



“मावशी, गाडी चुकेल,” टांगेवाला कुरकुरला.

“चुकू दे.”

गुरुदत्तची ऐट उतरली. तो खाली आला, आईच्या पाया पडला. “येतो गं, आई.”

काकूंनी लगाम सोडला. टांगा वळणावर पोचला तेव्हा त्या सगळा जीव एकवटून ओरडल्या, “गुडबाय रे, बाळा! गुडबाय!”